घाटातला खाऊ ताटात कसा आला

मराठीत 'जेवण' आणि 'खाऊ' असे दोन शब्द आहेत. जेवण रोजचे, खाऊ कधीतरीचा. जेवण घरात शिजते, खाऊ बाहेरून येतो. तो आठवडे बाजारातून येई, जत्रेतून येई, पाहुण्याच्या पिशवीतून येई. पाहुणा दारात उभा राहिला की मुलांचे लक्ष आधी त्याच्या हाताकडे जाई. पुडा संपला की संपला. पुन्हा मागितला तर आई म्हणे, "आता मामा येईल तेव्हा." मामा वर्षातून दोनदा येणार, हे तिला ठाऊक होते आणि मुलालाही. किती खायचे आणि किती वेळा, याचा हिशेब कोणाला करावाच लागत नसे.

लोणावळा हे गाव या खाऊवरच नावारूपाला आले. मुंबई-पुण्याच्या वाटेवरचा माणूस इथे थांबतो, चिक्कीचा पुडा घेतो आणि पुढे जातो. घरी पोचल्यावर त्याची मुले तो फोडतात. म्हणूनच, पाकीटबंद आणि झटपट खाण्याने मुलांच्या प्रकृतीचे काय होते हा प्रश्न समजून घ्यायला मावळासारखा तालुका नाही. इथे घाटरस्ता आला, मग आगगाडी आली, मग द्रुतगती मार्ग आला. प्रत्येक वेळी इथले खाणे थोडे बदलले, आणि या बदलांना तारखा आहेत.

आधी जुने ताट बघू. अंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ, तिन्ही खोऱ्यांत पाऊस मुबलक, म्हणून मुख्य पीक भाताचे. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. आंबेमोहोराचा वास घरभर सुटे खरा, पण चांगला तांदूळ बाजारात जाई आणि घरात जाडाभरडा शिजे. सोबत वाल-पावट्याचे कालवण, पावसाळ्यात टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या, ओढ्यातले खेकडे, कोणाकडे म्हैस असली तर ताक. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या घरांत रानातले कंदही असत. या ताटाचे गोडवे गाणे सोपे आहे, पण ते अर्धवट होईल. आषाढात कणगी रिकामी होई आणि भात तयार व्हायला अजून तीन महिने असत. त्या दिवसांत पोटभर मिळणे हीच चैन होती. हगवण, गोवर, हिवताप यांनी मुले जात. तेव्हाची सगळी मुले धष्टपुष्ट होती असे कोणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र त्या ताटात तीन गोष्टी नव्हत्या: साखर जवळजवळ नव्हती, तळण सणापुरते होते आणि मीठ लोणच्यापुरते.

बोरघाटातून गाडीरस्ता झाला १८३० मध्ये. रेल्वेला मात्र घाटाने बराच काळ अडवून ठेवले. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला. घाटाखाली मुंबईच्या बाजूचा मार्गही तयार होता. मधला घाट मात्र प्रवासी पालखीने, तट्टावर किंवा पायी चढत. पाच वर्षांनी, १८६३ मध्ये, घाटातला मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे, अठराशे फुटांवर चढण, आणि ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे येताच वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट सांभाळले, ही हकिकत पुष्कळांनी वाचली असेल. त्या चाळीस हजारांनी काय खाल्ले, याची हकिकत मात्र कोणी लिहिली नाही.

लोणावळ्यात परंपरेने सांगतात ते असे, की रेल्वेच्या कामावरच्या मजुरांना गूळ आणि शेंगदाण्याची गुडदाणी विकली जाई आणि तिचीच पुढे चिक्की झाली. सांगण्यात थोडी भर पडली असेल, पण गोष्ट पटण्यासारखी आहे. गूळदाणा टिकतो, खिशात मावतो, चूल लागत नाही, आणि दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला लागणारी ताकद एका मुठीत देतो. शेंगदाण्यात प्रथिने आहेत, चांगले स्निग्धांश आहेत. चिक्कीला सरसकट वाईट ठरवणारे लोक मला म्हणूनच पटत नाहीत. प्रश्न एवढाच, की कातळ फोडणाऱ्यासाठी बांधलेली ही शिदोरी पुढे आरामखुर्चीत बसलेल्या प्रवाशाच्या हाती गेली आणि त्याच्याकडून वर्गात बसलेल्या मुलाच्या. वाटेत गुळाच्या जागी बऱ्याच ठिकाणी साखर आली, शेंगदाण्याच्या जागी चॉकलेट आले, शेजारी फज येऊन बसला.

गाडी जिथे थांबते तिथे खाणे जन्माला येते. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात, त्यासाठी गाडी थांबते. त्या थांब्यानेच कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध केला. हे सारे प्रवाशाचे खाणे होते. प्रवासात माणूस भुकेला असतो, घाईत असतो, भांडी-ताटे जवळ नसतात आणि मन थोडे मोकळे सुटलेले असते. या चारही गोष्टी ओळखून केलेले खाणे म्हणजे आजचे फास्टफूड. त्याचा शोध अमेरिकेतच लागला असे समजायचे कारण नाही. आपल्या घाटात आणि फलाटावर ते आधीपासून होते. फरक असा, की प्रवास संपला की ते खाणेही संपे.

घरच्या ताटात पहिला शिरकाव पाकिटाने केला नाही. तो केला गिरणीने. उखळ-मुसळाने कांडलेल्या तांदळावर कोंडा थोडा राहत असे. भातगिरणीने तो पार काढून टाकला. तांदूळ पांढरा आणि मऊ झाला, पण त्यातले तंतू आणि ब जीवनसत्त्व कोंड्याबरोबर गेले. अर्थात, कांडणापासून बाईची सुटका झाली हेही तितकेच खरे. पहाटे उठून हात सोलवटणाऱ्या आजीला जाऊन कोणी सांगावे की गिरणी वाईट! प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या प्रत्येक टप्प्यावर हा पेच आहे. कोणाचा तरी घाम वाचतो आणि कशाची तरी साल निघते.

दुसरा शिरकाव चहाचा, आणि माझ्या मते मुलांच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षिलेला. पार्ल्याच्या कारखान्यात १९३९ पासून ग्लुकोज बिस्किटे होऊ लागली. हळूहळू खेड्यापाड्यांत मुलाची न्याहारी म्हणजे चहा-बिस्कीट, नाहीतर चहा-खारी, चहा-बटर अशी रूढी पडली. शिळी भाकरी आणि दूध किंवा ताक हे गरिबीचे लक्षण ठरले. बिस्कीट बुडवून खाणे सुधारलेपणाचे. मैदा, साखर, वनस्पती तूप आणि वर गोड चहा. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या दर तीन मुलांपैकी जवळपास दोघांना रक्तक्षय आढळला. त्याला कारणे अनेक आहेत, सगळा दोष चहाच्या कपावर टाकता येणार नाही. पण ज्या मुलाला लोहाची सर्वांत जास्त गरज आहे त्यालाच आपण सकाळी बशीत चहा ओतून देतो, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. खारी-बटरातल्या वनस्पती तुपातून येणाऱ्या घातक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली ती २०२२ च्या जानेवारीत. तोवर दोन-तीन पिढ्यांची न्याहारी होऊन गेली होती.

मग वडापाव. दादर स्टेशनबाहेर १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असे श्रेय त्यांना दिले जाते. गिरणगावातल्या माणसाचे उभ्याने उरकायचे जेवण म्हणून तो वाढला. मावळातून मुंबईत कामाला गेलेल्यांबरोबर तो घाट चढून वर आला आणि कामशेत, वडगाव, तळेगाव अशा प्रत्येक एसटी थांब्यावर त्याची गाडी लागली. पाठोपाठ १९८३ च्या सुमारास दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया आल्या. ही वस्तू विकताना कंपनीने आईला वेळ विकला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. चव मागाहून आली. १९९१ नंतर बाजार खुला झाला. १९९६ मध्ये बर्गर आणि पिझ्झाची परदेशी दुकाने देशातल्या मोठ्या शहरांत उघडली. त्यांची मावळात फारशी झळ लागली नसती, पण २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला. शहर दीड-दोन तासांवर आले. घाटाखाली खालापूरला फूड मॉल झाला. जमिनी विकल्या गेल्या, हातात पैसा आला. तळेगाव आणि शेजारच्या चाकणच्या कारखान्यांत पाळ्या सुरू झाल्या.

पाळीचा आणि मुलाच्या डब्याचा संबंध सरळ आहे. पहिल्या पाळीची बस पकडायची तर आईला अंधारातच घर सोडावे लागते. नवराही पाळीवर. सासू शेतावर किंवा पर्यटकांच्या बंगल्यात कामाला. अशा घरात मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले जातात. "शाळेत जाताना काहीतरी घे." या आईला आळशी म्हणणारे आहार-सल्लागार मी ऐकले आहेत. त्यांनी एकदा ती बस पकडून पाहावी. पाच रुपयांच्या पाकिटाने अशीच घरे हेरली. मोठे पाकीट विकत घ्यायला आई-वडील लागतात. पाच रुपयांचे पाकीट मूल स्वतः घेते. इतिहासात प्रथमच खाऊ कोणता आणि किती, हे ठरवण्याचा अधिकार सहा-सात वर्षांच्या मुलाकडे गेला, आणि त्याला मामाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

या व्यवहाराची दुसरी बाजूही मावळातच दिसते. पावसाळ्यात भुशी धरणावर, लोहगडाच्या पायथ्याशी, टायगर पॉइंटवर रांगेने टपऱ्या लागतात: कांदाभजी, भाजलेले कणीस आणि वाफाळत्या पाकिटातल्या शेवया. टपरी चालवणारी बहुतेक माणसे जवळच्या गावांतली. चार महिन्यांच्या त्या कमाईवर घरे चालतात. टपरीच्या मागे तिचे मूल तेच खाऊन दिवस काढते, कारण चूल तिथेच पेटलेली असते. शहरातला पाहुणा आठवड्यातून एकदा खातो, टपरीतले मूल रोज. पाहुण्याचा खाऊ यजमानाच्या मुलाचे जेवण झाला.

लोणावळ्यातच १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले. योगाच्या परिणामांची प्रयोगशाळेत तपासणी करावी, हा त्यांचा आग्रह. योगशास्त्रात मिताहाराला मोठे स्थान. स्टेशनच्या एका अंगाला मिताहार आणि दुसऱ्या अंगाला चिक्की, असे हे गाव शंभर वर्षे सुखाने नांदले आहे. असो.

आता सरकार. शाळेत मुलाने काय खावे यात सरकारने हात घातला तो आधी उपाशी मुलासाठी. १५ ऑगस्ट १९९५ ला मध्यान्ह भोजनाची राष्ट्रीय योजना सुरू झाली. प्रथम मुलांना तांदूळ घरी नेण्यासाठी मिळे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजवलेले अन्नच द्या असा आदेश दिला आणि शाळाशाळांत खिचडी शिजू लागली. खिचडीला नावे ठेवण्याची आपल्याकडे फॅशन आहे. पण तांदूळ, डाळ आणि थोडी भाजी, गरम, रोज एका ठरलेल्या वेळी, हे त्या फाटकाबाहेरच्या कोणत्याही पाकिटापेक्षा चांगले जेवण आहे.

२०१५ च्या जूनमध्ये देशभर गाजलेली घटना म्हणजे मॅगीवरील बंदी. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने शिसे आणि वेष्टनावरील मजकूर या मुद्द्यांवर ती घातली. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती रद्द केली आणि नोव्हेंबरात पाकिटे दुकानांत परत आली. या वादाने एक नुकसान झाले असे मला वाटते. सगळा देश शिशाचे प्रमाण विचारत राहिला. शिसे नाही म्हटल्यावर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. झटपट शेवयांमध्ये मैदा, तळणाचे तेल आणि भरपूर मीठ असते, याबद्दल वाद नव्हताच, म्हणून त्यावर कोणी बोललेही नाही.

महाराष्ट्र सरकारने मे २०१७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहांत जादा मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ विकण्यास बंदी केली. त्यात चिप्स, शेवया, शीतपेये, पिझ्झा, बर्गर आले. २०२० च्या केंद्रीय नियमांनी ही मनाई शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरपर्यंत नेली. कागदावर नियम चांगला आहे. पण मावळातल्या कितीतरी शाळांना उपाहारगृहच नाही आणि गावाचे एकमेव किराणा दुकान शाळेला लागून आहे. त्या दुकानदाराने दुकान कुठे हलवावे? पूर्वी फाटकाबाहेर बोरे, चिंचा, आवळे, पेरू आणि फुटाणे घेऊन म्हातारी बसे. ती उठली आणि तिच्या जागी पाकिटांच्या माळा लटकल्या. म्हातारीला परत बसवणारा नियम अजून झालेला नाही.

या सगळ्याचा शरीरावर काय परिणाम होतो? तीनशे मिलिलिटरच्या शीतपेयात साधारण तीस ग्रॅमहून अधिक, म्हणजे सात-आठ चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसभरात वरून घेतलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत ठेवा असे सांगते. दात किडणे हा दिसणारा परिणाम. न दिसणारे परिणाम म्हणजे यकृतात साठणारी चरबी, वाढता रक्तदाब आणि पूर्वी चाळिशीत होणारा मधुमेह किशोरवयात दिसू लागणे. अमेरिकेत केविन हॉल यांनी २०१९ मध्ये एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. वीस प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्हींत वाढलेली साखर, चरबी, मीठ, तंतू सारखेच, खायचे तितके खा अशी मोकळीक. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर माणसे रोज सुमारे पाचशे उष्मांक जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळपास एक किलो वजन वाढले. प्रयोग मोठ्या माणसांवरचा होता. पण ज्या खाण्यापुढे मोठ्यांचा हात थांबत नाही, तिथे मुलाने थांबावे ही अपेक्षा कशी करायची?

आपल्या मुलांचा प्रश्न अमेरिकेपेक्षा अवघड आहे, आणि हे ज्या संशोधनातून कळले ते पुणे जिल्ह्यातलेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातल्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ही गावे मावळातली नव्हेत, पण तिथल्या बायांचे कष्ट आणि ताट मावळातल्यांपेक्षा फार वेगळे नव्हते. या मातांचे वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास. बाळे जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपली बाळे हडकुळी, स्नायू कमी, पोट लहान. पण अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. ज्या मातांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते, त्यांची बाळे जन्मतः मोठी होती, असेही दिसले. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपला आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के.

म्हणजे आपले मूल बारीक दिसते म्हणून ते सुरक्षित आहे, असे मानता येत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या टंचाईने घडलेले शरीर मिळेल ते साठवून ठेवते. आषाढातल्या रिकाम्या कणगीसाठी हा गुण होता. फाटकाबाहेरच्या माळेपुढे तोच घातक ठरतो. वर सांगितलेल्या आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुले खुरटलेली आढळली आणि त्याच वयाच्या जादा वजनाच्या मुलांचे प्रमाण पाच वर्षांत १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेले. ही दोन वेगळी महाराष्ट्रे नव्हेत. पुष्कळदा एकाच घरात दोन्ही सापडतात, क्वचित एकाच मुलात: उंची खुंटलेली, पोट सुटलेले.

त्या सहा गावांतल्या मुलामुलींना संशोधकांनी सोडले नाही. वयाच्या अठराव्या वर्षी त्यांची तपासणी झाली. बहुतेक जण अंगाने बारीकच होते. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची रक्तशर्करा हवी त्याहून वर होती. ही मुले पिझ्झा-बर्गरवर वाढलेली नव्हती. त्यांच्या आधीच्याच या अवस्थेवर आता पाकिटांची भर पडते आहे. २०१२ मध्ये याच मुलामुलींना, ती आई-बाप होण्याच्या आधीच, ब-१२ आणि इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देऊन पुढच्या पिढीत फरक पडतो का, हे पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यातल्या मुली आता आया झाल्या आहेत. त्यांच्या बाळांची वजने, उंची आणि रक्त तपासले जात आहे, आणि त्यातली मोठी मुले दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली आहेत.